सहा बाय तीन

मराठीत 'हॉटेल' म्हणजे जिथं मिसळ मिळते ती जागा. 'आज हॉटेलात जाऊ' म्हटलं की घरातली पोरं डोशाचा विचार करतात, बिछान्याचा नाही. झोपायची सोय असेल तर त्याला आपण लॉज म्हणतो, तेही जरा आवाज खाली करून. भोसरी सोडून नाशिक रस्त्यानं चाकणकडे निघा, दर शे-दोनशे पावलांवर 'हॉटेल' लिहिलेली पाटी दिसेल. आत जाऊन खोली मागितलीत तर पोऱ्या पाण्याचा ग्लास टेकवून विचारतो, "काय आणू?"

अशा मुलखात राहून जगातल्या अजब हॉटेलांवर लिहायला बसलोय. पण त्याला एक कारण आहे. टूल रूममध्ये नोकरी केलेल्या माणसाचा हात कुठंही गेला तरी आधी मेजरिंग टेपकडे जातो. समुद्राखालचं हॉटेल, बर्फाचं हॉटेल, झाडावरचं हॉटेल अशी वर्णनं वाचताना लोक फोटो बघतात, मी मापं बघतो. आणि मापं बघत गेलं की एक गंमत कळते. बाहेरचा थाट कसलाही असो, आत माणसाला आडवं व्हायला लागते सहा फूट बाय तीन फूट जागा. आपल्याकडच्या साध्या लोखंडी कॉटचं मापही तेच. त्या सहा बाय तीनच्या भोवती कुणी काय उभं केलं, एवढाच सगळा खेळ.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा खेळ शोधायला गेलं तर बरंच काही सापडतं. काही प्रकार तर जगानं नावाजलेल्या हॉटेलांच्या आधीचे आहेत.

नट-बोल्टवर उभी हॉटेलं

कारखान्याच्या गावातल्या माणसाला आधी भावेल ते कारखान्यात तयार झालेलं हॉटेल. त्याचा जुना नमुना आपल्या मुंबईतच आहे. काळा घोड्याजवळ आज 'एस्प्लनेड मॅन्शन' या नावानं उभी असलेली इमारत म्हणजे 1860च्या दशकातलं वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्यानं हॉटेलचा सांगाडा दगड-विटांत न बांधता ओतीव लोखंडात करायचं ठरवलं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्लिश अभियंत्याचा. खांब, तुळया, कठडे असे भाग इंग्लंडमध्ये ओतले, जहाजात भरून मुंबईला आणले आणि इथं जोडले. आजच्या भाषेत सांगायचं तर सुटे भाग आयात करून केलेली ही असेंब्ली. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथं उतरला होता आणि खोलीच्या सज्जात येणाऱ्या कावळ्यांवर त्यानं मिश्कीलपणे लिहून ठेवलंय. पुढे हॉटेल बंद पडलं, आतल्या खोल्यांत बिऱ्हाडं आणि वकिलांची कार्यालयं आली आणि देखभालीअभावी ही वास्तू मोडकळीला आली. देशात उरलेल्या ओतीव लोखंडी इमारतींत ही सर्वांत जुनी मानली जाते. काळा घोड्याला गेलात तर रस्त्याच्या पलीकडं उभं राहून तिचे खांब जरूर बघा.

वॉटसननंतर साधारण शंभर वर्षांनी जपानमध्ये किशो कुरोकावा या वास्तुविशारदानं हीच कल्पना टोकाला नेली. टोकियोत 1972 साली त्यानं नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. दोन मनोरे आणि त्यांना बाहेरून लावलेल्या 140 पेट्या. प्रत्येक पेटी कारखान्यात पूर्ण करायची, पलंग, न्हाणीघर, टेबल आणि एक गोल खिडकी आत बसवून ट्रकनं आणायची, क्रेननं उचलायची आणि चार बोल्टांनी मनोऱ्याला आवळायची. पंचवीसेक वर्षांनी पेटी जुनी झाली की काढून नवी लावायची, अशी योजना होती. यंत्राचा सुटा भाग बदलावा तशी. प्रत्यक्षात एकही पेटी कधी बदलली गेली नाही. 2022 साली टॉवर पाडायला घेतला, तेव्हा काही पेट्या जतन करून ठेवल्या गेल्या. देखभालीच्या खात्यात काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. 'बदलता येईल' आणि 'बदलतील' यात फार अंतर असतं.

नाकागिन हे हॉटेल नव्हतं, आठवडाभर शहरात कामाला राहणाऱ्यांची ती सोय होती. पण कुरोकावानंच 1979 साली ओसाकात पहिलं कॅप्सूल हॉटेल रचलं. इथं पेटी आणखी आक्रसली. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या एकावर एक दोन रांगा, शिडीनं वर चढायचं, पडदा ओढायचा आणि झोपायचं. सामान कपाटात, आंघोळ सगळ्यांची सामाईक. गिऱ्हाईक कोण? उशिरापर्यंत काम करून, मग साहेबाबरोबर बसून, शेवटची लोकल चुकलेला नोकरदार. टॅक्सीनं घरी जायचं तर खिशाला परवडत नाही आणि सकाळी पुन्हा हजेरी आहेच. पर्यटकांना पुढे या पेट्यांची गंमत वाटू लागली, पण त्या जन्माला आल्या गरजेतून.

आपल्याकडे ही पेटी पोचायला चार दशकं लागली. अंधेरी पूर्वेला 2017 साली पॉड हॉटेल सुरू झालं आणि नोव्हेंबर 2021मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात रेल्वेनं 48 पॉडचं हॉटेल उघडलं. सुरुवातीला बारा तासांना 999 रुपये असा दर होता. 'भारतात पहिल्यांदाच तासांच्या हिशेबानं झोपेची जागा' असं कौतुक झालं. ते वाचून मला हसू आलं, कारण आमच्या भागात हा हिशेब फार पूर्वीपासून चालतो.

कॉट बेसिस

विजेच्या खांबावर, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर, बस थांब्याच्या पत्र्यावर चिकटवलेला कागद तुम्हीही वाचला असेल: 'कॉट बेसिसवर मिळेल. पाणी 24 तास. मेसची सोय.' खाली मोबाईल नंबर, तो फाडून नेता यावा म्हणून कागदाच्या कडेला केलेल्या पट्ट्या. इथं खोली भाड्यानं मिळत नाही, खाट मिळते. एका खोलीत चार, सहा, कधी आठ कॉट. भिंतीत खुंट्या, खाली पत्र्याची पेटी किंवा सॅक, आणि चार्जरसाठी एकाच बोर्डाला लावलेले तीन मल्टिप्लग.

चाकणला गाड्यांचे कारखाने आले तसे आजूबाजूच्या महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी या गावांचं रूप पालटलं. 2009 साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे प्रकल्प इथं सुरू झाले, त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे आले. एमआयडीसीत जमीन गेलेल्या शेतकऱ्यांपैकी अनेकांनी उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या. पाच-पाच, दहा-दहा खोल्यांच्या रांगा, समोर एक नळ आणि टोकाला संडास. त्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भापासून बिहार-ओडिशापर्यंतची पोरं येऊन राहिली. आयटीआय झालेली, ठेक्यावर लागलेली, सहा महिन्यांनी 'ब्रेक' मिळाला की कंपनी बदलणारी.

यात खाटेला पाळी लागते. फर्स्ट शिफ्टचा पोरगा पहाटे डबा घेऊन बाहेर पडतो आणि त्याच्या गादीची ऊब जायच्या आत थर्ड शिफ्टवाला येऊन तिच्यावर अंग टाकतो. उशी ज्याची त्याची, चादर ज्याची त्याची, कॉट दोघांची. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवून दिवसाची रात्र केलेली असते. ओसाकाच्या पेटीत एका रात्रीला एक पाहुणा झोपतो. आमची खाट चोवीस तास कामावर असते. यंत्र बंद ठेवायचं नाही हा कारखान्याचा नियम खाटेलाही लागला.

हा शोधही आमचा नाही. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळमध्ये गावकीच्या खोल्या होत्या. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकेका गावानं एक गाळा धरलेला असायचा आणि त्या गावचा माणूस मुंबईत आला की त्याची ट्रंक आणि वळकटी तिथं पडायची. रात्रपाळीचे दिवसा झोपायचे, दिवसपाळीचे रात्री. जागा अपुरी पडली की गॅलरी, जिना आणि फुटपाथ होताच. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब महिन्याच्या पगाराला. त्या बायांच्या घामावर गिरणगाव जेवलं. त्यांची संघटना 1975 साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' या नावानं बांधली, ती याच गरजेतून.

गोव्याच्या लोकांनी मुंबईत याच्याही पुढची पायरी गाठली. धोबी तलाव परिसरात त्यांचे 'कूड' आहेत. कूड म्हणजे कोकणीत खोली. एकेका गावानं आपल्या लोकांसाठी चालवलेलं हे वसतिगृह. बोटीवर चढणारा तारवटी, हॉटेलातला आचारी, बँडमध्ये वाजवणारा, गोव्याहून आला की त्याच्या गावच्या कूडात पथारी टाकायचा आणि बोटीचं बोलावणं येईपर्यंत तिथं राहायचा. भिंतीकडेला ट्रंकांची रांग, एका टोकाला गावच्या संताची वेदी, रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि भाडं नावापुरतं. त्या कूडात उतरायची पात्रता एकच, तुमचं गाव. जगातल्या कुठल्याही महागड्या क्लबचे नियम याहून कडक नसतील.

याच रांगेत ढाब्यावरची खाटही बसवली पाहिजे. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागतात. आत जायचा नंबर लागेपर्यंत ड्रायव्हरला कधी कधी अख्खी रात्र काढावी लागते. ढाब्यावर जेवलात की बाहेरची सुतळीची बाज तुमची, झोपेचे वेगळे पैसे नाहीत. नाहीतर केबिनमधल्या मागच्या फळीवर अंग मुडपायचं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. देशभरात रोज रात्री किती माणसं या फिरत्या खोलीत झोपतात याचा विचार केला, तर पाहुण्यांच्या खोल्यांतली ही फार मोठी सुधारणा म्हणावी लागेल. तिची जाहिरात मात्र कुठल्या पर्यटन मासिकात येणार नाही.

पाइपातली रात्र

अजब हॉटेलांचा दुसरा मोठा वर्ग म्हणजे कामातून गेलेल्या किंवा भलत्याच कामासाठी केलेल्या वस्तूंचा. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळाशेजारी 2009 साली एका जुन्या जंबो जेटमध्ये 'जंबो स्टे' हे हॉटेल उघडलं. 1976 साली बनलेलं हे बोइंग 747 अनेक कंपन्यांकडे उडालं आणि शेवटच्या मालकाचं दिवाळं निघाल्यावर धावपट्टीच्या कडेला पडून राहिलं. खुर्च्या काढून खोल्या केल्या आणि वैमानिकाच्या कक्षात सर्वांत महागडी खोली बसवली. भंगारात निघालेल्या यंत्राला दुसरा जन्म कसा द्यावा, याचा हा धडा. आमच्या भागातल्या भंगारवाल्यांनाही तो सांगायला नको, ते रोजच असा दुसरा जन्म देतात.

पण मला विचारात टाकलं ते ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलानं. डॅन्यूब नदीकाठच्या ओटेन्सहाइम या गावात एका हिरवळीवर काँक्रीटचे पाइप ठेवलेत. सांडपाण्याच्या वाहिनीसाठी वापरतात तेच. व्यास साधारण दोन मीटर, वजन प्रत्येकी सुमारे साडेनऊ टन. आंद्रेआस श्ट्राउस या कलावंताची ही कल्पना. पाइपाच्या एका तोंडाला भिंत, दुसऱ्या तोंडाला दार. आत दोघांपुरता पलंग, घोंगडी, दिवा, चार्जिंगची सोय आणि पलंगाखाली सामानाची जागा. संडास-आंघोळीसाठी बागेतल्या सार्वजनिक सोयी वापरायच्या, खाण्यासाठी गावातली उपाहारगृहं. आरक्षण केलं की दाराच्या कुलपाचा सांकेतिक आकडा मिळतो. भाडं किती? तुम्हाला वाटेल तेवढं ठेवून जा. थंडीत बंद, मे ते ऑक्टोबर चालू.

या पाइपाला आपल्याकडे ह्यूम पाइप म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूमनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची पद्धत शोधली. साचा आडवा ठेवून जोरात फिरवायचा, आत काँक्रीट सोडायचं, फिरण्याच्या जोरानं ते साच्याच्या कडेला घट्ट दाबलं जातं आणि मधे गोल पोकळी उरते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1926 साली 'इंडियन ह्यूम पाइप' कंपनी काढली आणि तेव्हापासून हा शब्द मराठीत रुळला, इतका की आता कुठल्याही सिमेंटच्या मोठ्या नळीला आपण ह्यूम पाइपच म्हणतो.

रस्त्याची, ड्रेनेजची कामं निघाली की हे पाइप आमच्याकडे रस्त्याच्या कडेला महिनोन् महिने पडलेले असतात. एकदा मोशीच्या बाजूला असाच एका पाइपात संसार बघितला. एका तोंडाला साडीचा पडदा, दुसऱ्या तोंडाला प्लायवूडचा तुकडा टेकवलेला. बाहेर तीन विटांची चूल. पाइपाच्या गोल तळाशी माती भरून जमीन सपाट केलेली, वर गोधडी. गवंडीकामावर आलेलं जोडपं आणि त्यांचं लहान मूल. बाई म्हणाली, "पत्र्यापरीस गार ऱ्हातं दुपारचं." जाडजूड काँक्रीट लवकर तापत नाही, हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

माप काढलं असतं तर ओटेन्सहाइमच्या पाइपाशी जवळपास जुळलं असतं. तिथला प्रवासी एक रात्र हौसेनं काढून घरी जातो. इथं मुकादम सांगेल त्या दिवशी पाइप जमिनीत जाणार आणि त्या बाईला दुसरा पाइप शोधावा लागणार. हॉटेलच्या अजबपणाची मजा त्यालाच येते ज्याला परतीचं घर आहे. श्ट्राउसनं दाराला कुलूप दिलंय, हा मला त्या हॉटेलातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. साडीच्या पडद्याला कुलूप लावता येत नाही.

घोरणाऱ्याशी बोलणारं यंत्र

चाकणच्या कुठल्याही मोठ्या गाडी कारखान्यात गेलात तर वेल्डिंगच्या ओळीवर नारिंगी किंवा पिवळे रोबोट दिसतील. ते न थकता, न चुकता ठिणग्या उडवत असतात. हाच यंत्रमानव पाहुण्यांच्या सरबराईला लावला तर? जपानमध्ये नागासाकी प्रांतात 2015 साली 'हेन ना हॉटेल' उघडलं ते याच विचारानं. नावाचा अर्थच 'अजब हॉटेल'. स्वागतकक्षात जपानी बोलणारी यांत्रिक बाई आणि इंग्रजी बोलणारा डायनासोर. सामान वाहून नेणारी यंत्रं, खोलीत उशाशी एक बाहुली, तिला विचारलं की ती हवामान सांगते, दिवा लावते. जगातलं पहिलं यंत्रमानवांचं हॉटेल म्हणून गिनेसनं नोंद घेतली.

चार वर्षांनी, 2019 साली, 243 यंत्रमानवांपैकी निम्म्याहून अधिकांना त्यांनी घरी बसवलं. कारणं ऐकण्यासारखी आहेत. उशाजवळची बाहुली पाहुणा घोरायला लागला की त्याला उठवून विचारायची, "माफ करा, आपण काय म्हणालात ते कळलं नाही." घोरणं म्हणजे प्रश्न, असा तिचा समज. सामान नेणारी यंत्रं एकमेकांच्या वाटेत अडकायची आणि पाऊस-बर्फात बाहेर जाऊ शकायची नाहीत. शेवटी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी माणसंच वाढवावी लागली.

वेल्डिंगच्या ओळीवर रोबोट यशस्वी होतो कारण समोरचा पत्रा दरवेळी त्याच जागी, त्याच मापाचा येतो. त्यासाठी पत्रा जागेवर आवळून धरणारं फिक्श्चर बनवणाऱ्यांनी रात्री जागवलेल्या असतात. पाहुण्याला फिक्श्चरमध्ये आवळता येत नाही. कुणी घोरतो, कुणाला दोन उशा लागतात, कुणाला रात्री दोनला चहा हवा असतो. चाकण-तळेगावच्या हॉटेलांत कोरियाहून, जपानहून, जर्मनीहून आलेले अभियंते नव्या ओळीची जुळणी होईपर्यंत आठवडे न् आठवडे राहतात. तिथला खेड तालुक्यातला वेटर कुणाला तिखट चालतं आणि कुणाला भाताबरोबर काय लागतं हे तिसऱ्या दिवसापासून न विचारता ओळखतो.

गडावर मुक्काम

गडावर राहायची हौस असेल तर आमच्या भागापासून दोन-अडीच तासांच्या आत सासवडजवळचा जाधवगड आहे. शाहू महाराजांच्या काळातले सरदार पिलाजी जाधवराव यांनी 1710 साली बांधलेली ही गढी आता हॉटेल आहे. तुतारीनं स्वागत होतं आणि आतल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयाचं नाव 'आई' ठेवलंय. दूर जायचं तर गोवा-सिंधुदुर्गाच्या सीमेवर नदीच्या मुखाशी तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीकरांकडून तो 1746 साली पोर्तुगीजांनी घेतला. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. पुढे तिथंही हॉटेल झालं आणि सात खोल्यांना आठवड्याच्या वारांची नावं मिळाली.

खुद्द चाकणला किल्ला आहे, संग्रामदुर्ग. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाइस्तेखानाच्या फौजेला जवळपास दोन महिने तिथं अडवून धरलं होतं. आज त्याचे बुरूज आणि तटाचे तुकडे उरलेत. कंटेनरच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या कित्येकांना आपण कुठल्या किल्ल्याजवळून जातोय याची कल्पना नसते.

वितळणारं आणि चालणारं

स्वीडनच्या उत्तरेला, ध्रुववृत्ताच्या वर युकासयार्वी नावाचं खेडं आहे. तिथलं आइसहोटेल 1989-90च्या सुमाराला सुरू झालं. टोर्ने नदी गोठली की तिच्यातून बर्फाच्या लाद्या कापून ठेवायच्या, पुढच्या हिवाळ्यात त्यातून भिंती, खांब, पलंग घडवायचे. आतलं तापमान शून्याखाली पाच अंशांच्या आसपास. बर्फाच्या पलंगावर रेनडिअरची कातडी, त्यावर जाड झोपपिशवी. वसंत आला की हॉटेल वितळून पुन्हा त्याच नदीत मिसळतं. दरवर्षी नवे कलावंत, नव्या खोल्या. 2016 पासून एक भाग वर्षभर गोठवून ठेवतात, तोही उन्हाळ्यात सूर्यापासून मिळणाऱ्या विजेवर.

दरवर्षी उभं राहणारं आणि विरून जाणारं मुक्कामाचं ठिकाण म्हटलं की पिंपरी-चिंचवडकराला दुसरंच काही आठवतं. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते. पहिला मुक्काम देहूतच इनामदारवाड्यात आणि दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. म्हणजे पंढरीच्या वाटेवरची एक रात्र पालखी थेट कारखान्यांच्या मधोमध काढते. दुपारपासून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात गर्दी लोटते आणि संध्याकाळपर्यंत आकुर्डी, निगडी, चिंचवडमधली प्रत्येक मोकळी जागा झोपण्याची जागा होऊन जाते.

ही व्यवस्था जवळून बघण्यासारखी असते. दिंडीचा ट्रक पालखीच्या आधी पोचतो. त्यात पातेली, गॅसच्या शेगड्या, पाण्याच्या टाक्या आणि प्रत्येकाची नाव लिहिलेली वळकटी. पुढे आलेली चार माणसं जागा झाडून घेतात, राहुट्या ठोकतात किंवा महापालिकेच्या शाळेचा वर्ग ताब्यात घेतात. बाक एकावर एक रचून भिंतीला लावायचे, मधे सतरंज्या पसरायच्या. फळ्यावर खडूनं दिंडीचा क्रमांक आणि गावाचं नाव लिहायचं, म्हणजे रात्री उशिरा येणारा वारकरी चुकत नाही. एका वर्गात चाळीस-पन्नास माणसं, कुणाचं डोकं कुणाच्या पायाशी. सोसायट्यांतल्या बायका चहाची किटली घेऊन फिरतात, कुणी पाय चेपून देतो, कुणी फोड आलेल्या तळव्यांना मलम लावतो. नोंदवही नाही, ओळखपत्र नाही, बिल नाही. पहाटे काकडा झाला की सतरंज्या गुंडाळल्या जातात, ट्रक भरतो आणि पालखी पुण्याची वाट धरते. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी दिघीच्या बाजूनं निघालेलीच असते.

पुन्हा शाळा भरते तेव्हा एखाद्या वर्गात फळ्यावर दिंडीचा क्रमांक तसाच राहिलेला असतो. पोरं तो पुसायला काचकूच करतात.

भाज्यातला ओटा

जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनेसनं जपानच्या यामानाशी प्रांतातल्या 'निशियामा ओन्सेन केइउन्कान' या गरम झऱ्यावरच्या विश्रामगृहाची नोंद केली आहे. ते इसवी सन 705 मध्ये सुरू झालं असं सांगतात. तेराशे वर्षं. पण आमच्या पट्ट्यातून लोणावळ्याची लोकल पकडा. देहूरोड सोडलं की डावीकडे घोराडेश्वराचा डोंगर, त्यात बौद्ध लेणी. पुढे मळवलीला उतरलं की एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी वाटेवरची ही ठिकाणं. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर देणगी देणाऱ्यांची नावं कोरलीत आणि त्यांत धेनुकाकट गावचे 'यवन' आहेत. परदेशी पाहुणा या वाटेला नवा नाही. तो फोक्सवॅगनच्या दोन हजार वर्षं आधी येऊन गेलाय.

भाज्याच्या विहारात छोट्या छोट्या खोल्या आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहायचं, त्या वर्षावासासाठी खोदलेल्या. खोलीत दुसरं काही नाही, फक्त भिंतीलगत डोंगरातूनच कोरून ठेवलेला एक दगडी ओटा. गेल्या पावसाळ्यात तिथं गेलो तेव्हा खिशात टेप होतीच. पण लावली नाही. थर्ड शिफ्ट संपवून आलेली चार पोरं बाहेर पायऱ्यांवर वडापाव खात बसली होती. त्यांतला एक आत आला, इकडं-तिकडं बघून ओट्यावर सरळ आडवा झाला, पाय ताणले आणि म्हणाला, "काका, आमच्या कॉटएवढंच आहे की!"

मग त्यानं डोळे मिटले. बाहेर पावसाची सर आली होती आणि त्याच्या मित्रांनी त्याला अर्धा तास हाक मारली नाही.